कोरी गेलेली ओळ

उत्तर न दिलेले पत्र कधी रागावत नाही, हेच त्याचे वाईट. माझ्या टेबलाच्या खणात असे एक पत्र सात वर्षे होते. खण उघडला की ते पहिल्या दिवसाइतक्याच नम्रपणे म्हणे, "माननीय दिनविशेषकार यांस."

दिनविशेषकार म्हणजे मी. आमच्या दैनिकात पान दोनवर, हवामानाच्या खाली आणि हरवलेल्या माणसांच्या वर, इतिहासात आजच्या तारखेला काय घडले ते पाच ओळींत येते. कोणत्याही तारखेला पाचच घटना घडतात. इतिहास या बाबतीत फार शिस्तीचा आहे. (सहावी घडलीच, तर ती दुसऱ्या दिवशी घडवली जाते.)

घटना ऐतिहासिक आहे की नाही हे ठरवण्याचे कार्यालयाचे नियम आहेत, आणि ते मोठ्या विचाराने केलेले आहेत. घटनेतला माणूस मेलेला, निदान पदावर तरी असावा. घटना इतक्या लांब घडलेली असावी, की कुणी बघायला जाऊ नये. आणि ती आधी दुसऱ्या वर्तमानपत्रात छापून आलेली असावी. (ती वर्तमानपत्रे आमच्यावरूनच उतरवतात, त्यामुळे तपशिलात फरक पडत नाही.)

हे पत्र सगळ्या नियमांत नापास होते. एका सूनबाईंनी लिहिले होते:

"आपल्या आजच्या दिनविशेषात एका राजाने दाढी काढल्याचे वाचले. गेल्या वर्षी याच तारखेला आमच्या घरीही एक घटना घडली. सासूबाईंचा चष्मा मी हरवला, असे दोन-तीन दिवस चालले होते. तो त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात निघाला. तेव्हा सासूबाई मला 'माझं चुकलं' म्हणाल्या. त्याआधी त्या असे कधी म्हणाल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. आता म्हणतात, मी म्हणालेच नाही. हे म्हणतात, मी पेपर वाचत होतो. या घरात मला तेवढे एकच मिळाले होते, तेही न घडल्यासारखे झाले. कृपया छापावे."

('हे' म्हणजे कोण, याचा खुलासा पत्रात नव्हता. आपल्या भाषेत तो लागत नाही.)

पात्रे जिवंत, पद कुणालाच नाही, घर दोन गल्ल्या सोडून. नकार कळवणे माझे कर्तव्य होते. पण 'राजाची दाढी चालते, आपले चालत नाही' हे सभ्य शब्दांत कसे लिहावे ते मला सुचेना. लाजऱ्या माणसाची सभ्यता अशीच खणात राहते.

त्या तारखेला आमच्याकडे राजाच्या दाढीखेरीज चार घटना होत्या: एका देशाने पुकारलेले युद्ध, जे दुसऱ्या देशाला चार वर्षांनी कळले (तोवर तो हरला होता), एका विद्वानाचा जन्म, जो त्याने पुढे पुराव्याअभावी नाकारला, बशीचा शोध (कप आधीच लागला होता), आणि एका भव्य पुलाचे उद्घाटन. यंदा एका इंजिनिअरने कळवले, की हा पूल बांधलाच गेला नव्हता. मुद्रितशोधकाने ऐन वेळी ओळ काढली आणि तिथे काही घालायला विसरला. त्या दिवशी इतिहासात चारच गोष्टी घडल्या.

त्याच सकाळी संपादकांनी बोलावले. "काका, ही ओळ कोरी कशी?"

"पूल गेला, साहेब."

"मग पूल गेल्याचं छापायचं!"

"तो नव्हताच."

"ते लोकांना कशाला सांगायचं? पुढच्या वर्षी इथे काहीतरी घडलेलं पाहिजे, काका."

मी खणातले पत्र घेऊन तडक त्या घरी गेलो. दार सूनबाईंनीच उघडले. केस पिकू लागले होते.

"सात वर्षं लागली?"

"चौकशी चालू होती," मी म्हणालो.

सासूबाई खुर्चीत होत्या. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. (इतिहासाच्या खुणा अशा मागे राहतात.) चिरंजीव आमचा अंक वाचत होते.

"कसली चौकशी? मी काय चोरी केलीय?"

"आई, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की नाही, एवढंच सांगा त्यांना."

"मी कशाला म्हणेन? अभ्रे तू बदलतेस, चष्मा तूच घातला असशील आत."

"इतकी वर्षं हेच ऐकतेय."

"मग आता पाठ झालं असेल."

तेवढ्यात चिरंजीवांनी अंक माझ्यापुढे धरला. "बरे भेटलात. इथे काय होतं हो?"

"पूल."

"केवढा होता?"

आम्ही दोघेही त्या कोऱ्या जागेवर वाकलो. कागद उजेडात तिरका धरला तर काही दिसेल, असे त्यांचे मत होते. मलाही ते पटले. मागे कुणीतरी हलक्या आवाजात काही बोलले. मी मान वर केली. सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या. सूनबाईंचे डोळे भरले होते.

"ऐकलंत ना?" त्यांनी विचारले.

"काय?" चिरंजीव म्हणाले.

मी सासूबाईंना अदबीने म्हणालो, "पुन्हा एकदा सांगता का?"

"काय सांगू? मी कुठे काय म्हणाले?"

सूनबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "हात धरला माझा," त्या हळूच म्हणाल्या. "'तुला एवढं लागलं असेल, तर माझं चुकलं गं,' म्हणाल्या. आणि तुम्ही दोघं पूल शोधत होतात."

कार्यालयात येऊन मी उत्तर लिहायला बसलो. या वेळी शब्द लगेच सुचले.

"माननीय सूनबाई यांस, आपली घटना छापता येत नाही. ती एकाच तारखेला दोनदा घडल्याने विशेष राहिलेली नाही. शिवाय दोन्ही वेळा हजर असलेले पुरुष आमचा अंक वाचत होते. दुसऱ्या वेळी त्यांत मी होतो. माझं चुकलं. पुढच्या वर्षीही ती ओळ कोरी जाईल. ती आपली आहे."

(संपादकांना ती जागा जाहिरातीसाठी राखून ठेवल्याचे सांगितले आहे. ते खूश आहेत.)

खाली तारीख घातली, तेव्हा लक्षात आले, की माझी धरून त्या तारखेला आता अशा तीन घटना झाल्या. संध्याकाळी पत्र पेटीत टाकले. तुम्ही हे वाचत होतात तेवढ्यात तुमच्या घरात कुणी काही म्हणाले असेल, तर साक्षीला मला बोलावू नका.