पूर्वेकडील वीराच्या मुखाची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असो. लेखणीस खरे आणि वाचणारास धीर देवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शुक्रवार, दिवस सव्वा प्रहर चढला असता पूर्वेकडील वीराचे मुख लाल शाईने खोडण्यात आले. खोडणार ब्रूकसाहेब दिवाण. वीर कागदावरचा होता, म्हणोन रक्त निघाले नाही. ज्यांनी ते मुख काढिले ते सदोबा पेडणेकर चितारी समोर उभे होते, आणि त्यांनी हातातील पेन्सील खिशात घातली, दुसरे काही केले नाही, ऐसे तेथे हजर असलेले दोघे सांगतात. तिसरा म्हणतो की पेन्सील मोडली. ती पुढे कोणास सापडली नाही, सबब दोन्ही लिहिले. मुळापासून वर्तमान ऐसे जे—

पश्चिम समुद्रापलीकडे एक राज्य आहे. त्याचे नाव लिहू नये ऐसा तेथील वकिलांचा आग्रह आहे, म्हणोन लिहिले नाही. त्या राज्यात चित्रपोथ्या निपजतात, ज्यांस हल्लीची मंडळी कॉमिक म्हणतात, आणि त्यांत सुपरहिरो म्हणोन अचाट पराक्रमाचे वीर असतात, ते आकाशी उडतात आणि पूल उचलतात आणि नगर बुडण्याचा प्रसंग आला की नेमके त्याच पानावर येऊन पोचतात. हे सर्व वीर पश्चिमेचे, हनुवटी चौकोनी, छाती दरवाजाएवढी. पूर्वेच्या पुरुषांस त्या पोथ्यांत कामे नेमून दिलेली होती. एक, वीराची गाडी हाकणे. दुसरे, डोंगरावर बसून वीरास विद्या शिकविणे, आणि शिकवून होताच मरणे. तिसरे, लांब नखे वाढवून जगाचा नाश योजणे. चौथे, मार खाणे; परंतु मार खाण्यास पूर्वेचा पुरुष एकटा कधी येत नसे, पन्नास मिळून येत, आणि पश्चिमेचा वीर त्या पन्नासांस एका पानात निजवून घरी जाई. ऐशी वहिवाट कित्येक वर्षे सुखरूप चालली. गंमत ही की त्या पोथ्या काढणारे हात बहुतेक पूर्वेचेच होते. सदोबा चितारी मूळ सावंतवाडी प्रांतीचे, बावीस वर्षे त्या दरबारी पेन्सिलीचे काम करीत. त्यांच्या रेघेवर शाई चढवीत ते ओकादाबाबा, ज्यांचे वडील जपानातून आलेले, वयाने सदोबांहून मोठे, म्हणोन सदोबा त्यांस आबा म्हणत, आणि ते सदोबांस सदू म्हणत.

मग ऐसे जाहले की पूर्वेकडील रयत पोथ्या वाचीनाशी झाली. आमच्यातला कोणी उडत नाही, ऐसे तिचे म्हणणे हुजुरांच्या कानी गेले, आणि हुजुरांनी शिकारीस निघता निघता रिकिबीत पाय ठेवूनच आज्ञा केली की पूर्वेचा एक वीर निर्माण करावा, आणि तो कोणासही न दुखविता करावा. मग दिवाणसाहेबांनी मसलत बोलाविली. पोथीची कथा रचणारे कार्विनपंत आले, सदोबा आले, ओकादाबाबा कोपऱ्यात बसले. पहिला प्रश्न पराक्रमाचा निघाला. कार्विनपंत बोलिले, "गणितात पटाईत असावा. शत्रूचा तोफगोळा कोठे पडणार, ते तोंडी सांगावे." ओकादाबाबा म्हणाले, "मला तेराचा पाढा येत नाही." पंत म्हणाले, "तुमचा प्रश्न नाही, बाबा." ते म्हणाले, "मग कोणाचा आहे?" यावर गणित सोडून लाथ मारणे हा पराक्रम ठरला. सदोबांनी पुसिले, "उडेल काय?" दिवाणसाहेब बोलिले, "उडणे आपल्या थोरल्या वीराकडे आहे. हा उडी मारील." "किती उंच?" "दुमजली." आणि तसे लिहून घेतले. मग नायिकेचा विषय निघाला. थोरल्या वीरास नायिका आलिंगन देते. यास द्यावे काय? पुष्कळ विचार होऊन ठरले की हस्तांदोलन करावे, आणि करताना तिने किंचित हसावे. सदोबांनी घरी जाऊन हे सांगितले तेव्हा त्यांची बायको द्वारकाबाई भाकरी थापीत होती, ती म्हणाली, "अहो, एवढं गाव राखतो तो, मग जेवायला जातो कुठे?" सदोबा म्हणाले, "घर ठरलं नाही अजून. मठ ठरलाय." "मठात नुसता वरणभात," ऐसे ती बोलली, "लाथ मारायला जोर कुठून यायचा?"

मुखाचा विषय सर्वांत अवघड. पूर्व म्हणजे अर्धी पृथ्वी, आणि ती एका तोंडात बसवावयाची. हुजुरांची आज्ञा न दुखविण्याची, म्हणोन दिवाणसाहेबांनी युक्ती काढिली ती ऐशी की वाड्यात पूर्वेचे जे जे चाकर असतील त्यांस चित्र दाखवावे, आणि ज्याची जी हरकत निघेल तेवढा भाग काढून टाकावा. चौघे सापडले: मुदपाकातील चिनी आचारी, कोरियाचे हकीम, फडातील बंगाली हिशेबनीस, आणि मनिला बंदराकडील माळी. सदोबांनी जुन्या वहिवाटीने पहिले मुख काढून पुढे ठेविले. आचारी बोलिला, "डोळे असे चाकूने चिरल्यासारखे कोणाचे? माझे बघा की." डोळे काढिले, मोठे घातले. हकीम बोलिले, "हे तर पश्चिमेचे डोळे. आमच्या डोळ्यांची लाज वाटते वाटतं?" तेही काढिले. हिशेबनीस म्हणाले, "हा रंग हळदीचा का? तो काय लग्नाला बसलाय?" रंग काढिला. माळी म्हणाला, "वेणी कशाला? माझ्या आज्यानंसुद्धा ठेवली नाही." वेणी गेली. मग नाक, मग मिशी, मग ओठ, आणि चार दिवसांनी कागदावर एक गुळगुळीत अंडे राहिले, त्यावर कोणाची हरकत निघेना. कार्विनपंतांस स्फुरण आले आणि ते बोलिले, "मुखवटा घालू." मुखवटा घातला, आणि हातांचा रंग दिसतो म्हणोन हातमोजे घातले, आणि मान दिसते म्हणोन गळपट्टा घातला. मग दिवाणसाहेबांच्या ध्यानी आले की हा पूर्वेचा आहे हे वाचणारास कळावे कसे, तेव्हा छातीवर पाय फुटलेला एक अजगर काढिला, तोंडातून ज्वाळा. दिवाणसाहेब संतोष पावून म्हणाले, "कोणास दुखावले नाही." हिशेबनीस म्हणाले, "साहेब, आत कोणी दिसतच नाही, दुखावणार कोणाला?" दिवाणसाहेबांनी ही स्तुती समजून घेतली.

मग पंतांनी कथा रचिली, तीत शेवटच्या पानी हा वीर थोरल्या वीराच्या अंगावर येणारा घाव आपल्या अंगावर घेऊन मरतो, आणि थोरला वीर त्याच्या प्रेतापाशी उभा राहून चार शब्द बोलतो आणि उडून जातो. हे ऐकोन सदोबांनी पेन्सील खाली ठेविली. बावीस वर्षांत ठेविली नव्हती, म्हणोन सर्वांनी तिकडे पाहिले. सदोबा बोलिले, "मरू द्या साहेब. माझं काही म्हणणं नाही. पण मरताना मुखवटा काढू द्या." दिवाणसाहेबांनी पुसिले, "हा हट्ट आहे की विनंती?" "साहेब समजतील ते." "आणि आत काय निघावे?" सदोबा म्हणाले, "माणूस." पोथी छापखान्यात जाण्याची तारीख जवळ आली होती आणि शेवटच्या पानावर पडकी इमारत, पळते लोक आणि धूर एवढे सर्व काढावयाचे होते, ते दुसऱ्या कोणाच्या हातून होण्याजोगे नव्हते, म्हणोन दिवाणसाहेबांनी रुकार दिला: एक चौकट, तीही लहान.

सदोबांनी ते मुख घरी काढिले. आरंभी समोर मेहुण्यास बसविले, परंतु मेहुणा बसल्या जागी सारखा फोनवर बोले, म्हणोन त्यास उठविले आणि मग मुख आपोआप उतरले. चाळिशी उलटलेला मनुष्य, कपाळावरचे केस मागे सरलेले, दाढीचे खुंट, तोंड किंचित उघडे, जणू काही सांगता सांगता राहिले. डोळे उघडे. सुंदर म्हणावा ऐसा नव्हता. द्वारकाबाईने पाहिले आणि म्हणाली, "ह्याला मी कुठेतरी वाढलंय." सदोबा म्हणाले, "कुणासारखा वाटतो?" ती म्हणाली, "कुणासारखा कशाला? आपल्यासारखा आहे." आणि तिने कागद जेवणाच्या ताटापासून दूर सरकवून ठेविला, डाग पडू नये म्हणोन. मग चित्र वहिवाटीप्रमाणे चौघांपुढे गेले. आचारी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आमच्या गल्लीतला आहे." हकीम म्हणाले, "तुमच्या नव्हे, आमच्या." माळ्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. हिशेबनीस म्हणाले, "दात एवढे पांढरे नसतात कोणाचे, पान खातो तो," परंतु ही हरकत धरावी काय ऐसे पुसता, "छे, छे, राहू द्या," म्हणाले.

दिवाणसाहेबांस हे वर्तमान कळले आणि त्यांस चिंता उत्पन्न जाहली. आजवर अंड्याखेरीज कशासही बिनहरकत मान्यता मिळाली नव्हती. ते पंतांस म्हणाले, "चौघांपैकी एकही हरकत घेत नाही, तेव्हा काहीतरी नजरेतून सुटले आहे." पंत म्हणाले, "सुटले असेल." "दुखावलेला मनुष्य आधी गप्प बसतो." "बसतो खरा." ऐशी मसलत होऊन वर लिहिल्या शुक्रवारी दिवाणसाहेबांनी लाल शाईने त्या मुखावर फुली मारिली आणि बाजूस लिहिले, "मुखवटा निघावा. मुखावर पूर्ण छाया. काळे भरावे. नाट्य वाढेल." सदोबा म्हणाले, "साहेब, शब्द दिला होता." दिवाणसाहेब बोलिले, "मुखवटा काढण्याचा दिला होता, सदोबा. तो निघतोच आहे."

आता त्या कारखान्याची रीत सांगणे प्राप्त आहे. पेन्सिलीचे काम कच्चे. शाईवाला जी रेघ शाईने धरील ती राहते, बाकीची तो खोडतो, आणि खोडलेले परत येत नाही. शाई चढलेले पान शाईवाल्याने स्वहस्ते पाकिटात घालून मोहोर करावी आणि छापखान्याखेरीज ते कोणी उघडू नये, दिवाणानेही नाही. मागील हुजुरांच्या कारकिर्दीत एका मुत्सद्द्याने कौतुकाने ओल्या शाईस बोट लाविले आणि एका राणीस मिशा फुटल्या, तेव्हापासून हा दंडक. मोडावयाचा तर हुजुरांची लेखी आज्ञा लागते. म्हणजे लाल फुलीनंतर त्या मुखाचे काय करावयाचे ते एकट्या ओकादाबाबांच्या हाती आले. आणि ओकादाबाबांचे ऐसे होते की याच महिनाअखेर ते चाकरीतून मोकळे होणार होते आणि त्यांच्या पेन्शनीवर सही दिवाणसाहेबांची व्हावयाची होती.

सदोबा पान घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन प्रहरची वेळ, बाबा डबा खाऊन बसले होते. दाराशी असलेल्या शिपायाने ऐकिले ते ऐसे. सदोबा म्हणाले, "आबा, हे शेवटचं पान." बाबांनी पाहिले, लाल अक्षरे वाचली. म्हणाले, "हुकूम काळ्याचा आहे." "मी हुकूम विचारला नाही." "मग मीही उत्तर दिलं नाही." मग सदोबा म्हणाले, "आजवर तुम्ही पन्नास पन्नास माणसांत एक नाक वाटून दिलंत." बाबा म्हणाले, "पेन्सिलीत एकच येत होतं, सदू. आणि पेन्सील तुझी." यावर दोघेही हसले, ऐसे शिपाई म्हणतो. मग बाबा म्हणाले, "माझी सही अडकली आहे, ठाऊक आहे ना?" सदोबा म्हणाले, "ठाऊक आहे. म्हणून तर मी काही मागत नाही." "मागत नाहीस तर इथे उभा का?" "पान द्यायला आलो." "दिलंस ना? मग जा. डोक्यावर कोणी उभं असलं की माझा हात हलतो." सदोबा बाहेर आले आणि दार आतून लागले.

दिवस मावळण्यापूर्वी पाकीट मोहोर होऊन छापखान्यात पोचले. दिवाणसाहेबांनी बाबांस बोलावून पुसिले, "काळे केले ना?" बाबा म्हणाले, "शाई लागली, साहेब." दिवाणसाहेबांनी दुसऱ्यांदा पुसिले, आणि बाबांनी दुसऱ्यांदा तेच सांगितले. दिवाणसाहेबांचे समाधान जाहले ऐसे त्यांचा कारकून म्हणतो. परंतु त्याच सायंकाळी पाकीट उघडण्याची परवानगी मागणारा जासूद शिकारीच्या रानाकडे हुजुरांस शोधण्यास गेला हेही खरे आहे, आणि पेन्शनीच्या कागदावर सही झालेली नाही हेही खरे.

सोमवारी, वद्य अष्टमीस, सकाळी यंत्र सुरू जाहले. सदोबा फाटकापाशी उभे होते, आणि द्वारकाबाई बरोबर आली होती. आचारी चुलीवर भात टाकून आला, हकीम आले, हिशेबनीस आले, माळी आला. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. आचारी सदोबांस म्हणाला, "काळं असलं तर सांगू नका, मी तसाच परत जातो." हकीम म्हणाले, "असलं तर यावेळी हरकत घेऊ." हिशेबनीस म्हणाले, "विचारील कोण तुम्हाला?" कारकुनाने तर्क केला की मुख भरावयास शाई पुष्कळ लागते, सबब बाबांची दौत पाहावी. दौत पाहिली. ती धुऊन उन्हात वाळत ठेविली होती.

येणेप्रमाणे पूर्वेकडील वीराची उत्पत्ती हुजुरांच्या आज्ञेने, पराक्रम दुमजली, मृत्यू शेवटच्या पानी. हुजुरांचे उत्तर आलेले नाही. यंत्र चालू आहे आणि शेवटचे पान अखेरीस छापावयाचे आहे. ओकादाबाबांस विचारिता ते म्हणाले, "छापून येईल ते बघा," आणि जेवावयास घरी गेले. इतके वर्तमान सोमवार दोन प्रहरपर्यंतचे.