जर्मन, जपानी आणि शेवंताकाकू

माझ्या लग्नाचा अल्बम मी शेजारच्या फोटोग्राफर अंबूनानांना कौतुकाने दाखवायला नेला, ही माझ्या संसारातली पहिली चूक. नानांनी खिशातून भिंग काढलं, पहिल्याच फोटोवर टेकवलं आणि बराच वेळ डोळा लावून बसले. फोटोत मध्यभागी मी आणि माझी बायको, गळ्यात हार, चेहऱ्यावर घाम. नानांचं भिंग मात्र खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या मांडवाच्या कूलरवर रुतलं होतं. शेवटी मान वर करून म्हणाले, "कूलर लई मऊ आलाय बे, कडा पुसट हायती."

"आणि नवरी?" मी विचारलं.

"मधी कुणीबी चांगलं दिसतंय. लेन्सची जात कोपऱ्यात कळती."

एवढं बोलून त्यांनी अल्बम मिटला. पुढचे फोटो बघायची त्यांना गरजच वाटली नाही. एका कूलरवरून अख्ख्या लग्नाचा निकाल लागला होता.

नांदूरघाटात माझं औषधांचं दुकान आहे आणि त्याला खेटून नानांचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं ते नानांचा मान राखायला. गिऱ्हाईक मोबाइलवाल्यांनी कधीच पळवलं. आता तिथे दोन कॅमेरे, एक तिवई आणि नाना एवढाच ऐवज. कॅमेरे रिळाचे, आणि रीळसुद्धा साधं चालत नाही. रुंद लागतं. त्यावर मोजके चौकोनी फोटो निघतात आणि एकेक निगेटिव्ह बिस्किटाएवढी असते. हे रीळ पुण्याहून मागवावं लागतं, थंड ठेवावं लागतं, म्हणून ते माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी राहतं. कुणा पेशंटसाठी मी फ्रिज उघडला, की भिंतीपलीकडून आवाज येतो, "दार लाव बे, माझा माल तापतोय!"

दोन्ही कॅमेऱ्यांना पुढे एकाखाली एक अशा दोन लेन्स. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. एक कॅमेरा जर्मन, अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून घेतलेला. दुसरा जपानी, वजनाला वरवंट्याएवढा. दोघांत श्रेष्ठ कोण, हा खटला नानांनी तरुणपणी दाखल करून घेतला. तेव्हापासून गावातल्या भावकीची भांडणं मिटली, बांधाच्या केसेस निकाली निघाल्या, पण हा खटला अजून चालूच आहे.

"जर्मन खानदानी हाय," नाना सांगतात. "माणसाला सांभाळून घेतो. जपान्याला लाजशरम न्हाई, जे हाय ते सांगून टाकतो. पण जर्मनच्या लेन्सचं तोंड पुरं उघडलं की तो कोपऱ्यात ढिला पडतो. जपानी कोपऱ्यापतूर ताठ."

"म्हणजे जपानी चांगला?"

"तसं म्हणलंय का मी?" असं म्हणून ते दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत.

हे कॅमेरे छातीशी धरून, मान खाली घालून वरून बघावे लागतात. एकदा तालुक्याचे एक पुढारी बॅनरसाठी फोटो काढायला आले. जुन्या कॅमेऱ्यात माणूस भारदस्त दिसतो, असं त्यांच्या कानात कुणीतरी भरवलं होतं. नानांनी मान खाली घातली. समोर वाकलेलं डोकं दिसलं की काय करायचं, हे पुढाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी नानांच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला. त्या फोटोत फक्त साहेबांचं पोट आलं. पुन्हा काढलेल्या फोटोंतून त्यांनी जर्मनचा निवडला, कारण जपान्याने साहेबांच्या केसांचा कलप मुळापासून उघड केला होता. नाना नाराजच झाले. "कोपरा बघितलाच न्हाई त्यांनी," म्हणाले, "कशाचे पुढारी?"

आता शेवंताकाकू. नानांची बायको आणि या खटल्यातली एकमेव साक्षीदार. तुलना करायची तर समोरची वस्तू एकच हवी आणि उजेड एकसारखा हवा, असा नानांचा आग्रह. 'वस्तू' हा त्यांचाच शब्द. म्हणून लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी अंगणात तीच लोखंडी खुर्ची, मागे तीच भिंत, डाव्या कोपऱ्यात नळ, उजव्या कोपऱ्यात कोनाडा, आणि मध्ये काकू. आधी जर्मन, मग जपानी. काकू बसल्या बसल्या कुरकुरायच्या, "आवरा लवकर, दूध गॅसवर हाय." नाना डाफरायचे, "बोलू नको, नळावर ध्यान लागत न्हाई."

या पोळ्यानंतरच्या एका रविवारी काकूंनी धुऊन आलेले फोटो नानांच्या खांद्यावरून वाकून बघितले आणि सगळ्या संसारात कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "मी कशी दिसते?"

नाना भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "उजवीकडं जरा ढिली. पण त्यात तुझी चूक न्हाई, जर्मनची हाय."

काकूंनी दूध उतरवलं, गॅस बंद केला, पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीने त्या लातूरला लेकीकडे निघून गेल्या.

"येतीय की रविवारपतूर," नाना म्हणाले. रविवार आला, खुर्ची रिकामी. मग मला बसवलं. "तू लई हलतूस. अन् तुझ्या टकलावरनं उजेड उडतोय." माझी अशी वासलात लावून त्यांनी खुर्चीत पाण्याचा माठ ठेवून बघितला. माठ अजिबात हलला नाही, दुधाचं नावही काढलं नाही. तरी नानांनी बटण न दाबताच कॅमेरे आत नेऊन ठेवले.

दिवाळी काकूंशिवायच गेली. मग त्यांच्या लेकीचा मला फोन आला. "दादा, आई म्हणती, मी आता इथंच राहणार. तिथं मला कोण बघतंय?"

मी निरोप पोचवला. नाना खवळले. "बघत न्हाई? कावून न्हाई बघत? दर रविवारी बघत हुतो की! भिंगातून!"

पण त्यानंतर ते गप्प गप्प झाले. दुपारी चहाबरोबर बिस्किटं खायची आणि तेच जेवण म्हणायचं. एकदा मी मुद्दाम फ्रिजचं दार सताड उघडं ठेवलं आणि वाट बघितली. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. काकू खरंच आल्या नाहीत, तर हा माणूस टिकायचा नाही, हे मला त्या उघड्या फ्रिजसमोर स्वच्छ कळलं.

मी दुकान तसंच टाकून शेजारी गेलो. नानांनी पत्र्याच्या पेटीतले सगळे फोटो जमिनीवर मांडले होते, जर्मन-जपानी जोड्या लावून. मला वाटलं, खटल्याचा निकाल लागतोय. पण भिंग कोपऱ्यात नव्हतं. ते फोटोच्या बरोबर मध्ये होतं.

"हिकडं ये बे," नाना म्हणाले. "ही साडी बघ. पंचमीची हाय. ही लेकीच्या बारशाची. हितं गजरा माळलाय. हितं वेणी ओली हाय, म्हंजे न्हाऊन आलती. गॅसपासनं उठून आल्यावानी एकबी फोटो न्हाई. दर रविवारी नटून बसायची, अन् मी नळ बघत बसलो."

नानांनी भिंग पुढच्या फोटोवर सरकवलं.

"केस कधी पिकले बे हिचे? कुणीच कसं सांगितलं न्हाई मला?"

त्यांचा आवाज फुटला. मी सरळ लातूरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. नानांनी तो कॅमेऱ्यासारखा छातीशी धरला आणि मान खाली घालून त्यात बोलू लागले.

"मी हाय."

"कळलं," काकू म्हणाल्या. "जेवलात का?"

"तू दर रविवारी साडी बदलून बसायची."

काकू म्हणाल्या, "मंग? पारोशी बसू का फोटोला?"

"मला दिसलंच न्हाई गं. आज बघितलं. लई चांगली दिसतीस."

मग सगळा संसार ओळखून असलेल्या बाईचा सावध आवाज आला. "कशात? जर्मनमधी का जपानीमधी?"

आता हा माणूस कोपऱ्यांवर घसरला, तर काकू जन्मात परत यायच्या नाहीत. नाना जमिनीवरच्या फोटोंकडे बघत राहिले, एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे.

"दोन्हीत," ते म्हणाले.

काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला. "शनिवारी येते," त्या म्हणाल्या. "दूध वाढवून सांगा."

नानांनी मोबाइल मला परत दिला, धोतराच्या सोग्याने भिंग पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या लग्नाचा अल्बम उद्या घेऊन ये बे. सूनबाईला बघितलंच न्हाई मी."