आज बी धरलं

किसनतात्या कुठलाही पूल गाडीत बसून ओलांडत नाहीत. आमच्या गावाहून परभणीला जाताना नदी लागते. पूल आला की सलीमभाई न सांगता जीप थांबवतो. तात्या दुधाची कॅन माझ्या ताब्यात देतात, खाली उतरतात आणि काठी टेकत पायी निघतात. जीप पुढे जाऊन पलीकडच्या बाभळीखाली उभी राहते. तात्या सावकाश येतात, कॅन परत घेतात आणि म्हणतात, "चला. धरलं." म्हणजे पुलानं वजन धरलं. हे रोज.

मी परभणीच्या एका शाळेत मास्तर आहे, आणि तात्यांचा शेजारी आहे. त्यामुळे मी शाळेत कायम उशिरा पोचतो. मुख्याध्यापकांना पहिल्यांदा खरं कारण सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तेव्हापासून मी पंक्चर सांगतो. ते त्यांना पटतं.

बरं, नुसतं चालून भागत नाही. पुलाच्या मधोमध तात्या थांबतात, कठड्यावर काठीने तीनदा ठोकतात आणि कान लावून ऐकतात, बाजारात टरबूज घेताना ऐकावं तसं. मी एकदा वैतागून म्हणालो, "तात्या, यावरून उसाचे ट्रक जातात. तुमच्या काठीला काय कळणार?"

"ट्रकवाल्याचं ट्रकवाल्यापाशी," तात्या म्हणाले. "पाऊल टाकल्याबिगर भरोसा न्हाई."

एवढंही मी सोसलं असतं. पण उरलेल्या वाटेवर तात्या जगातले पूल सांगतात. मोबाईलवर ते फक्त पूल बघतात. त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून पुलांची कात्रणं चिकटवलेली आहेत. लोक देव चिकटवतात त्या जागी.

"हावड्याच्या पुलाला एक नटबोल्ट न्हाई, मास्तर. नुसत्या रिपिटा ठोकल्यात." हे सोमवारी. मंगळवारी लंडन. "त्यायनी आपला जुना पूल अमेरिकेला इकला. एकेका दगडाला नंबर टाकला, बोटीतून नेला आन् वाळवंटात हुभा केला. पानी मागून आनलं. पूल आधी आन् पानी मागून, ही कुठली तऱ्हा?" मेघालयातल्या पुलाबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलतात. तिथं झाडाची जिवंत मुळं ओढ्यावरून पलीकडे वळवतात आणि पूल वाढवतात. "लय वर्सं लागतेत. आज्यानं मूळ वळवायचं आन् नातवानं चालायचं. म्हातारा झाला की आनखी घट्ट होतो म्हने."

सलीमभाईची फर्माईश ठरलेली. "तात्या, वो हत्तीवाला सुनाव."

मग न्यूयॉर्क. तिथं नवा पूल झाला, पण लोकांना भरवसा वाटेना. शेवटी एका सर्कसवाल्याने हत्तींची रांगच त्याच्यावरून चालवली. त्या पुलाचा साहेब बांधकामात आजारी पडला आणि वर्षानुवर्षं त्याच्या बायकोने काम पुढे नेलं. पूल पुरा झाल्यावर पहिल्यांदा तीच घोडागाडीतून ओलांडून गेली, मांडीवर कोंबडा घेऊन. "कोंबडा का?" मी विचारलं होतं. तात्या म्हणाले, "बाई मानसाला सोबत लागती."

मी हसलो होतो. आता वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मला नदीपलीकडच्या पोखर्णीहून फोन आला. तात्यांच्या फोनची बॅटरी पूल बघून बघून उतरलेली असते, म्हणून त्यांचे निरोप माझ्याकडे येतात. गयामायची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. गयाला एकदा बघायचं म्हणत होती.

मी निरोप घेऊन गेलो तेव्हा तात्या अंगणात पाय धूत होते. गयामाय चुलीपुढे होती. तिने मान वर न करता विचारलं, "हलला का?"

"न्हाई हलला," तात्या म्हणाले. "आज बी धरलं."

मी दारातच थांबलो. रोज सकाळी "चला, धरलं" ऐकून मी दात-ओठ खात होतो. ते बोलणं आम्हाला नव्हतंच. ती घरी द्यायच्या बातमीची उजळणी होती.

नंतर गयामायनेच सांगितलं. लग्नाच्या वर्षी पावसाळ्यात ती जुन्या बुटक्या पुलावरून चालत आली आणि मागे वळून पाहते तर पूल नाही, पुरानं नेलेला. तेव्हापासून तिनं पुलावर पाय ठेवला नाही. माहेरी, पोखर्णीला, जायचं तर उन्हाळ्यात, नदी आटल्यावर. खाली वाळूतून चपला हातात घेऊन ती, आणि वर पुलावरून तात्या. पण खालच्या अंगाला बंधारा झाला आणि पाणी बारमाही थांबलं. तीन उन्हाळे ती माहेरी गेली नव्हती.

त्या संध्याकाळी मी निरोप सांगितला तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. तात्या तिच्याजवळ जाऊन बसले. लंडन नाही, हावडा नाही, काही सांगितलं नाही त्यांनी.

तीच म्हणाली, "त्या बाईनं कोंबडा नेलता ना? मग म्या आपला तांबडा घेते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पुलाशी सलीमभाईने जीप थांबवली. तांबडा कोंबडा छातीशी धरून गयामाय उतरली. तात्या एक पाऊल पुढे, काठी ठोकत. मधोमध तिचे पाय थांबले. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा सलीमभाई त्याच्याकडे चालत गेला आणि काय बोलला कोण जाणे, हॉर्न बंद झाला. तात्या मागे वळले. "म्या रोज बगितलाय," ते म्हणाले. "तुज्यासाठीच बगायलोय." ती खालच्या पाण्याकडे न बघता त्यांच्या पाठीकडे बघत चालू लागली. कोंबडा तेवढा ओरडत होता. पलीकडे पोचल्यावर माझेच डोळे भरून आले. ते मी पंक्चरच्या सबबीखाली झाकू शकलो नाही.

बहिणी दिवसभर हात धरून बसल्या. कोंबडा तिथेच राहिला, थोरलीच्या अंगणात.

परतताना ऊन कलतं होतं. पूल आला आणि सलीमभाईने सवयीने ब्रेक लावला. "उतरो तात्या, तुमारा पूल आया."

गयामाय सकाळपासून दमली होती. तिने जागेवरच डोळे गच्च मिटले होते आणि तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. तात्यांनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"चल, सलीम," ते म्हणाले. "मी उतरलो तर हिचा हात कोन धरील?"

जीप पुलावर चढली. माझं लक्ष खाली गेलं. तात्यांची पावलं जीपच्या पत्र्यावर एकामागून एक पडत होती. बसल्या बसल्या ते पूल चालत होते.

"हलला का?" डोळे न उघडता तिनं विचारलं.

"न्हाई हलला," तात्या म्हणाले, आणि पलीकडे पोचेपर्यंत पावलं टाकत राहिले.