बिद्दप्पा मास्तर आणि उतारावरचा हातगाडा

बिद्दप्पा मास्तरांच्या मुलीला, देच्चम्माला, पाहायला विराजपेटहून पाहुणे निघाले होते, आणि डुकराच्या रश्श्याचं भलंमोठं पातेलं अजून वरच्या आळीत कुट्टप्पा आचाऱ्याकडेच होतं.

"तेवढं घेऊन या. वाटेत कुणाला शिकवू मात्र नका," बोजम्माने नवऱ्याला बजावलं.

मडिकेरीच्या शाळेत मास्तर बावीस वर्षं गतीचा धडा शिकवत होते. सगळं गाव चालतं, धावतं, घसरतं, पण का, ते एकालाही कळत नाही, याची त्यांना मनापासून कीव येई. गावालाही मास्तरांबद्दल असंच काहीसं वाटे.

कुट्टप्पाने पातेलं हातगाड्यावर दोरखंडाने आवळलं आणि दोघे उतार उतरू लागले. मास्तरांच्या घराच्या जरा वर कुट्टप्पा दम खायला थांबला. त्याने चाकाखाली दगड सरकवला.

"हा कशाला?"

"गाडा पळंल, मास्तर."

"अडाणी! बाहेरून बळ लावल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही. सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतं."

"माझा गाडा शाळेत गेलेला नाही, मास्तर. दगड राहू द्या."

मास्तरांनी नाक मुरडून दगड काढला. गाडा जागचा हलला नाही.

"बघ! याला घर्षण म्हणतात."

कुट्टप्पाने बघितलं. गाड्याने वाक्य पुरं होऊ दिलं आणि मग तो निघाला.

"आता कोण ढकलतंय त्याला?" कुट्टप्पा धावता धावता ओरडला.

"पृथ्वी ओढतेय!"

"मग तिला सांगा की थांबायला!"

फाटकात उभ्या बोजम्मासमोरून आधी पातेलं गेलं, मागून मास्तर.

"अहो, धरा त्याला!"

"त्याचा वेग दर सेकंदाला वाढतोय!"

"आणि तुमचा?"

 मास्तरांचा वेग कमी होत होता, आणि डाव्या पायातली चप्पल तर केव्हाच स्थिर झाली होती.

खालच्या वळणावरून पाहुण्यांची जीप चढत होती. देच्चम्माने ते पाहिलं, रेशमी साडी खोचली आणि स्कूटर काढली. गाड्याला गाठून तिने आपला वेग त्याच्याइतकाच केला, आणि दांड्याला अशी सणसणीत लाथ घातली की गाडा वळून कॉफीच्या सालपटांच्या ढिगात घुसला. झाकण उडालं. पातेलं दोरखंडात तसंच बसून राहिलं.

जीपमधून मुलाचे वडील चंगप्पा उतरले. "शाब्बास, पोरी! कुणी शिकवलं तुला हे?"

मास्तर धापा टाकत पोचले आणि छाती पुढे काढून उभे राहिले.

"उतारानं," देच्चम्मा म्हणाली. "अप्पांच्या विषयात मी दोनदा नापास झालेय."

कुट्टप्पाने तोंडावर पंचा धरला.

जेवण झकास झालं. चंगप्पांनी तीनदा रस्सा मागून घेतला. चौथ्यांदा वाटी पुढे करत ते म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

"मला मुलगा नाही," देच्चम्मा वाटी भरत म्हणाली. "गाडा समोरून आला तेव्हा तो डोळे मिटून आईला हाका मारत होता."

मुलाने मान खाली घातली. चंगप्पांच्या तोंडात मोठा घास होता, त्यामुळे रागाने ताटावरून उठायचं त्यांना जमलं नाही. त्यांनी आधी घास गिळला, मग भरलेल्या वाटीकडे पाहिलं, आणि रागवायचं जेवण झाल्यावर पाहू असं ठरवलं.