गिरिजाच्या नावाची भांडी

माझ्या घरात गिरिजा नावाचं कोणीही नाही. तरी आमचा तांब्या, वाट्या, पोह्यांचा डबा आणि माझा दाढीचा मगसुद्धा, सगळ्यांवर ‘गिरिजा’ असं ठसठशीत कोरलेलं आहे. पाहुणे आधी मगाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग दयेनं माझ्या बायकोकडे. ती शांतपणे म्हणते, ‘‘आप्पांच्या दुकानातलं आहे.’’ पाहुणा उदगीरचा असला तर त्याला एवढं पुरतं.

शिवलिंगआप्पांचं भांड्यांचं दुकान आमच्या दारासमोरच. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि हातात भांड्यावर नाव टाकायचं मशीन. आमच्याकडे बारशाला मामानं नाव घातलेली ताट-वाटी द्यायची रीत आहे. त्यामुळे गावातल्या बहुतेक पोरांची नावं आप्पांच्या हाताखालून जातात. इतर दुकानदार नाव टाकतात आणि विसरतात. आप्पा विसरत नाहीत, आणि तिथंच सगळा घोटाळा आहे.

तेच मूल वर्ष-दीड वर्षाचं होऊन आईच्या बोटाला धरून बाजारात दिसलं, की आप्पा गल्ला उघडा टाकून त्याच्या मागे धावतात. आधी हातातलं झाकण धाडकन खाली टाकतात. मूल दचकून वळलं, म्हणजे कान ठीक. ते पुन्हा चालू लागलं, की मागून नावानं हाक, आणि तीही ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत. ‘‘समर्थ, हिकडं बघ!’’ ‘‘आयेशा बेटी, इदर देखो!’’ आप्पांना कानडी आणि तेलुगूही येतं. मूल वळलं तर स्वतःच टाळी वाजवून परत येतात. नाही वळलं तर आईला भर रस्त्यात अडवतात. ‘‘लातूरला मोठ्या दवाखान्यात न्या ह्याला. लौकर न्या, ताई. लौकर, लौकर!’’

बसस्टँडवर एका बाईनं त्यांना पिशवीनं बडवलं होतं. पोरं पळवणारा म्हणून एकदा चौकीतही बसून आले. बरं, अंदाज तरी बरोबर असावा! एक पोरगं जिलेबीत गुंग होतं म्हणून वळलं नाही, तर त्याचं अख्खं खानदान रडत लातूरला गेलं आणि शिव्या देत परत आलं. मी आप्पांना चांगलं झापलं. ते म्हणाले, ‘‘चुकलं तर एक हेलपाटा पडतो, मास्तर. आन् न्हाई चुकलं तर?’’ मी पोस्टात कारकून आहे, पण आप्पांच्या लेखी लिहिता येणारा प्रत्येक जण मास्तर.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे वर्ष. आमच्याकडे टँकर. टँकरच्या रांगेत एकच विषय, उदगीर जिल्हा होणार. जिल्हा झाला की पाणी येणार, मोठा दवाखाना येणार. आप्पांना फक्त एक बाई हव्या होत्या, नावाला न वळणाऱ्या पोरांना शिकवणाऱ्या आणि कानडी येणाऱ्या. जिल्ह्याच्या सभेत त्यांनी पुढाऱ्याच्या मागे जाऊन झाकण टाकलं. पुढारी वळला. मग नावानं हाक मारली, तर वळला नाही. ‘‘ह्याला बी लातूरला न्या,’’ आप्पा मोठ्यानं म्हणाले आणि लोकांनी त्यांना उचलून मंडपाबाहेर ठेवलं.

गिरिजा ही त्यांची नात. घरात कानडी; सून शांता बिदरकडची. गिरिजा दीड वर्षाची झाली तरी नावाला वळत नव्हती. भाऊबंद म्हणाले, तिचा बाप बी उशिरा बोलला, पोपटानं चोच मारलेला पेरू चारा, जीभ सुटंल. पाऊस तेव्हाही नव्हता. पेरूच्या बागा वाळलेल्या, त्यामुळे पोपट नाहीत. आप्पा गावोगाव झाडाखाली मान वर करून बसायचे. आम्ही खूप हसायचो. त्या पेरूपायी मोलाचा काळ निघून गेला.

मग लातूर. मीही एकदा सोबत गेलो होतो. देगलूरकडचं एक तेलुगू कुटुंब भिंतीला टेकून बसलं होतं, त्यांना कोणी काय सांगतंय ते कळत नव्हतं. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या, पण चित्रं मराठी, गाणी मराठी. म्हणाल्या, ‘‘दोन भाषांनी मूल गोंधळतं. घरात फक्त मराठी बोला.’’ आप्पांनी घरात कानडीला बंदी घातली. शांताचं मराठी टँकरपुरतं. जेव, नको, पाणी आलं, एवढ्यात ते संपायचं. पूर्वी ती गाताना गिरिजा तिच्या ओठांवर बोट ठेवून डोलायची. गाणं बंद झालं आणि पोरगी कोपऱ्यात गेली.

पुढे तिथं दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘असं कोण म्हणालं? आईनं आपल्याच भाषेत बोलायचं!’’ गिरिजा स्वमग्न आहे आणि त्यात कुणाचीच चूक नाही, हे त्यांनी नीट समजावलं. गेलेल्या काळाबद्दल त्यांना काहीच सांगता आलं नाही. शांता तिथंच मोठ्यानं रडली, कानडीत. गिरिजा छताचा पंखा बघत होती. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

परवा संध्याकाळी मी चिडूनच दुकानात गेलो. ‘‘आप्पा, तांब्या द्या. कोरा. त्यावर कुणाचंही नाव नको.’’

उंबऱ्याशी गिरिजा पाठमोरी बसून एक झाकण गरागरा फिरवत होती. आप्पांनी तांब्या मांडीवर घेतला आणि मशीन टेकवलं. टर्रर्र. गिरिजा वळली. थेट आजोबांच्या हाताकडे बघून हसली. मशीन उचललं, तशी परत पाठमोरी झाली. पुढचं अक्षर सुरू झालं, पुन्हा वळली.

‘‘माझ्या हाकंला वळत न्हाई. ह्याला वळती,’’ आप्पा म्हणाले. ‘‘म्हणून तिचंच नाव टाकून राहिलो. कधीतरी ह्यो आवाज आन् तिचं नाव एकच वाटंल तिला. वाटंल का हो, मास्तर?’’

तेवढ्यात वीज गेली.

मशीन थांबलं. गिरिजा क्षणभर बघत राहिली, मग तिनं पाठ फिरवली. आप्पांनी मशीन खाली ठेवलं आणि तोंडानंच आवाज काढला, ‘‘टर्रर्र.’’ पुन्हा काढला. मिशांवर थुंकी उडाली. झाकण फिरतच होतं. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, ‘‘गिरिजा. इल्लि नोड, अव्वा.’’ इकडे बघ गं, बाळ. आतल्या पडद्याआडून शांतानंही तेच म्हटलं.

ती वळली नाही.

आप्पांनी तांब्या धोतरानं पुसून माझ्या हातात दिला. ‘‘न्या,’’ म्हणाले, ‘‘नाव अर्धंच झालंय.’’

मी तो घेतला. कोरा हवा होता, हे मी पुन्हा म्हणालो नाही.