पोचूबाईचे वाटे

पोचूबाईला काहीही वाटायला सांगा, ती आधी पाठ फिरवायची. सिरोंच्याला मी शाळेत मास्तर होतो तेव्हा ती आमची शेजारीण. एकदा घरी करंडीभर आंबे आले. शेजाऱ्यांसाठी मी वाटे घातले आणि त्यातला रसाळ वाटा हळूच स्वतःकडे सरकवला. पोचूबाई भिंतीकडे तोंड करून बसली. मी एकेका वाट्यावर बोट ठेवून "हा कोणाचा?" विचारायचं आणि तिनं न बघता नाव घ्यायचं. रसाळ वाटा गवळ्याला गेला, मला कैऱ्या आल्या. तक्रार केली तर म्हणाली, "डोये पाह्यते तं मन फिरते, गुरुजी."

ही रीत मुळात नदीवरची. प्राणहितेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे हैदराबादचं राज्य. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोन्ही काठांची माणसं मिळून मधल्या डोहात जाळी टाकत. मासे रेतीवर ओतायचे, घरागणिक वाटे घालायचे आणि पोचूबाईनं पाठमोरं बसून नावं घ्यायची. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, विधवेलाही पूर्ण वाटा. कोणी कुरकुरलं तर ती त्याच्याशी वर्षभर बोलत नसे, आणि तो माणूस वर्षभर सुतासारखा सरळ वागे.

एका वर्षी आमच्या बाजूचं पाणी एका ठेकेदारानं लिलावात घेतलं. मासे ओतून झाल्यावर तो छत्री उघडून रेतीवर आला.

"त्या पारच्याले एक शेपटी भेटनार नाई. हद्द नदीच्या मधातून जाते. मासोई आपली."

"मासोईले दाखवली होती का हद्द?" पोचूबाईनं विचारलं.

कोणी हसलं नाही. ठेकेदार बिथरला तर पुढच्या वर्षी डोहात पाय ठेवू देणार नाही, हे आमच्या काठाला ठाऊक होतं. पलीकडची माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन मुकाट उभी होती. मला फार लाज वाटली.

पोचूबाई उठली आणि लुगड्यासकट माशांच्या ढिगावर जाऊन बसली. "उचल मले."

कोण उचलणार? बाई धिप्पाड, त्यात ओली, आणि तिच्या तोंडी लागायची गावात कोणाची छाती नव्हती. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. ठेकेदार छत्रीखालून हद्द समजावत होता, इकडे ढीग तापत होता. हळूहळू वास सुटला.

"बाई, माल सडून राह्यला ना!"

"सडू दे. दोनी काठाले बराबर वास जाईन."

शेवटी ठेकेदारानं नाकाला रुमाल लावला. "वाटा, बाई, वाटा कोनाले वाटाचं ते!" ती उठली, पाठ फिरवून बसली आणि दोन्ही काठांची सगळी नावं खणखणीत आवाजात घेतली.

परतताना मी चेष्टेनं विचारलं, "पोचूबाई, एवढं भांडलात, पलीकडे कोण आहे तुमचं?" वाटलं, आता ही माझ्यावरही बसते. पण ती गुडघाभर पाण्यात थांबली आणि लुगड्याचा पदर पिळत राहिली.

"कोनी नाई, गुरुजी. माहा मानूस पुरात गेला तं त्या पारले लागला. मधात पूर, मले जाता नाई आलं. त्याइनंच आंघोळ घातली, त्याइनंच खांदा देल्ला. मानूस कोन्या हद्दीतला, कोनी पुसलं नाई."

तिनं पिळलेला पदर खांद्यावर टाकला.

"खांदा कोनं कोनं देल्ला, तेबी मले मालूम नाई. मंग कोनाचं नाव गाळू, सांगा."