मातीची भाकर आणि अनसूयाबाई

अनसूयाबाईंना मी तीन वर्षांत एकदाही खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. बालवाडीसाठी सरकारातून एक खुर्ची आली होती. बाईंनी पहिल्याच दिवशी ती आडवी पाडली आणि मुलांना म्हणाल्या, "हा आपला बैल." पुढे ती खुर्ची कधी विहीर झाली, कधी नवरीची पालखी. बसायची वस्तू म्हणून तिचा उपयोग कुणी केला नाही. मुलं जेवढी पळत त्याच्या दुप्पट बाई पळत. पदर कमरेला खोचलेला, कपाळ कोरं, डोळे भिरभिरते. गाव त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणायचं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. ढाणकीच्या अलीकडच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मारुतीच्या देवळाला लागून पाटलांची एक खोली होती, तिथे बाईंची बालवाडी भरायची. बाई मूळच्या कळंबच्या, कडक सोवळ्याच्या घरातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. एका जागी थांबल्या तर बोलतील ना!

"हात रिकामा काहून?" हे त्यांचं पालुपद. रिंगण करताना एखादं पोर हात मागे घेऊन उभं राहिलं की बाई झेपावत आणि शेजारच्याचा हात त्याच्या मुठीत कोंबत. पाटलांचा नातू बंडू, त्याच्या एका हाताला तांड्यावरचा किसन, दुसऱ्या हाताला पलीकडच्या वस्तीतली रत्ना. त्या वस्तीने तीन-चार वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतला होता, पण गावाने तिथल्या माणसांना पाणी वरून ओतायचं काही सोडलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "बाई, अभ्यास कधी घेता?"

"मंग हे काय करून राह्यली मी?" बाई पळता पळता म्हणाल्या.

एक दिवस भातुकली मांडली होती. रत्नाने मातीच्या भाकरी थापल्या. बंडू पाहुणा झाला. रत्नाने पानावर भाकर वाढली, "जेवा पावने," म्हणाली, आणि चार वर्षांच्या बंडूने ती खरोखरच खाल्ली. अर्धी. एवढ्यावर भागलं असतं. पण घरी जाऊन त्याने आजीला सांगितलं, "रत्नाची भाकर तुह्यापेक्षा गोड हाये."

पाटलांच्या घरात गहजब झाला. बंडूला दोनदा आंघोळ घातली, गोमूत्र शिंपडलं. संध्याकाळी पाटील आबांनी बाईंना चावडीवर बोलावलं.

"बाई, पोट्ट्यानं तिची भाकर खाल्ली!"

"मातीची होती, आबा."

"पन केली कोनं?"

"आन् माती कोनाच्या आंगनातली होती? तुमच्याच ना?"

चावडीवरची माणसं हसली. ते हसू आबांना झोंबलं. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं.

बाईंनी कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाव आणि वस्तीच्या मधल्या कडुनिंबाखाली त्यांनी जमिनीवर दोराचा लांबट घेर टाकला आणि मुलं आत उभी केली. ही एसटी. किसन ड्रायव्हर, रत्ना कंडक्टर. कोण कोणाजवळ उभं राहायचं हे गर्दीनेच ठरवलं. तिसऱ्या दिवशी बंडू घरातून पळून येऊन त्या एसटीत चढला. त्याच्या मागोमाग काठी आपटत आबा आले.

रत्नाने कडुनिंबाचं पान पुढे केलं. "तिकीट घ्या, आबा. उमरखेड का?"

आतून बंडू ओरडला, "आबा, लवकर! गाडी सुटून राह्यली!"

बाई घेराभोवती पळतच होत्या. "चढा, नाई तं बाजूला व्हा आबा, गाडी आडवू नका!"

आबा चढले नाहीत. पण ते पान त्यांनी घेतलं. पान मुठीत धरून ते बंडूला न घेताच परतले. सकाळी खोलीचं कुलूप निघालेलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण मुलं खोलीत परतली आणि रत्ना आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंना चैन पडेना. शाळा सुटताच मला म्हणाल्या, "चाला मास्तर, वस्तीवर." मी निम्मी वाट धावतच त्यांच्यामागे गेलो.

रत्नाची माय अंगणात चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत होती. म्हणाली, "झाडाखाली होतं तं मी धाडत होती, बाई. त्या खोलीत नाई. उद्या काही झालं तं लेकरालेच बोलतीन."

बाई पुष्कळ बोलल्या. मायने सगळं ऐकून घेतलं, मग आत गेली आणि पितळेच्या दोन पेल्यांत गुळाचा कोरा चहा घेऊन आली. एक मला दिला, एक बाईंपुढे धरला.

बाईंचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. क्षणभरच.

"राहू द्या, बाई," माय म्हणाली. "तुमच्यात चालत नसन." आवाजात राग नव्हता. सवय होती.

बाईंनी पेला जवळजवळ हिसकावला आणि तो कढत चहा घटाघटा पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं. तोंड भाजल्यामुळे, असं तेव्हा मला वाटलं.

परत येताना बाई हळू चालत होत्या. म्हणाल्या, "तुमाले दिसलं का, मास्तर?"

"काय?" मी खोटं बोललो.

"तिले दिसलं."

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच वस्तीवर गेल्या. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने रत्ना बालवाडीत यायला लागली, तरी बाईंचं रोजचं जाणं थांबलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी मी विचारलं, "आता कशाला जाता?"

"चहा प्याले." बाई जरा घुटमळल्या. "आता हात नाई थांबत माहा. पन तो पयला दिवस तिच्या ध्यानात असन ना, मास्तर. तो पुसला जाईल तवर जाईन."